लेकरांना इंटरनेटवर शोधायला आणि पारखायला शिकवायचंय? इथून सुरुवात करा

सातवी-आठवीच्या वर्गाला "प्रकल्प करून आणा" म्हटलं की दुसऱ्या दिवशी बऱ्याच वह्यांत एकच परिच्छेद दिसतो, त्याच शुद्धलेखनाच्या चुकांसकट. संध्याकाळी वडील शेतातून आले की मोबाईल थोडा वेळ हाती पडतो. लेकरू प्रश्न जसाच्या तसा टाकतं आणि वर जे येईल ते उतरवून घेतं. यात त्याचा काही दोष नाही. गणितात ताळा करायला आपण शिकवतो, तसा मोबाईलवरच्या माहितीचा ताळा कसा करायचा हे त्याला कुणी दाखवलेलंच नसतं.

मी मराठवाड्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतो आणि सहावी ते आठवीला हा विषय घेतो. ज्या शिक्षकांना हे नव्याने सुरू करायचं आहे, त्यांच्यासाठी वर्गात चालतं ते क्रमाने लिहितो आहे. संगणक कक्ष नसला तरी अडत नाही.

आधी जमवायच्या गोष्टी

- नेट असलेला एक मोबाईल आणि तो जोडता येईल असा शाळेतला टीव्ही किंवा प्रोजेक्टर. दोन्ही नसेल तर छापलेले स्क्रीनशॉट.
- शाळेच्या नावाने काढलेलं वेगळं ईमेल खातं. स्वतःचं खातं वापरू नका. तुमचे जुने शोध आणि घरचे व्हॉट्सॲप संदेश सगळ्या वर्गासमोर पडद्यावर येतात.
- मराठी कीबोर्ड आणि बोलून टाइप करण्याची सोय चालू केलेली.
- सेफ सर्च (नको ते निकाल गाळणारी शोधाची सोय) चालू केलेलं. तरीही प्रत्येक शोध आदल्या दिवशी स्वतः करून बघा.
- मुख्याध्यापकांची लेखी परवानगी, आणि पालकांची सही असलेली छोटी चिठ्ठी: मोबाईल कशासाठी, किती वेळ, कुणासमोर.
- प्रत्येक लेकराकडे एक वेगळी वही. ती कशाला, ते शेवटच्या टप्प्यात येईल.

लाईट आणि रेंज यांचा भरवसा नसतो, म्हणून लागणारी पानं आधीच स्क्रीनशॉट काढून ठेवा. तास वाया गेला की पुढच्या वेळी मुख्याध्यापक वेळ देताना का-कू करतात.

१. जे लेकरांना स्वतःला माहीत आहे, तिथून सुरू करा

बरेच जण पहिल्याच दिवशी ताजमहाल नाहीतर सूर्यमाला घेतात. त्यात माहिती बरोबर की चूक, हे लेकराला ठरवताच येत नाही. माझं ठाम मत आहे की पहिला शोध आपल्या गावाचाच हवा. तालुका कोणता, जवळची नदी कोणती, जत्रा कोणत्या महिन्यात भरते, शाळा कितवीपर्यंत आहे, हे आधी फळ्यावर लिहून घ्या. मग मोबाईल काढा.

गावाचं नाव वडगाव, पिंपळगाव किंवा बोरगाव असेल तर भलत्याच जिल्ह्यातलं गाव समोर येतं. "सर, हे आपलं गाव न्हाईच!" असा ओरडा होतो. तो होऊ द्या. नावासोबत तालुका आणि जिल्हा का टाकायचा, हे मग सांगावं लागत नाही.

यातच आणखी एक गोष्ट हाती लागते. गावांची माहिती देणाऱ्या कितीतरी साइटवर शीर्षकात चालू वर्षाची लोकसंख्या म्हणून लिहिलेलं असतं आणि आत आकडा असतो २०११ च्या जनगणनेचा. २०२१ ची जनगणना पुढे ढकलली गेली, त्यामुळे नंतरचा कुठलाही आकडा मोजलेला नाही, अंदाजाचा आहे. शीर्षकातलं साल आणि आतल्या आकड्याचं साल वेगळं असू शकतं, हे लेकरांनी एकदा स्वतः पकडलं की ती पुढे प्रत्येक आकड्याखालचं साल शोधायला लागतात.

एआयवर चालणारं एखादं ॲप असेल तर तेच प्रश्न त्यालाही विचारा. ते अडखळत नाही, ठासून उत्तर देतं. फळ्यावरच्या खऱ्या उत्तरांशी लेकरांनाच ताडून बघू द्या.

२. प्रश्नातले शब्द निवडायला शिकवा

आमच्याकडे पावसाळ्यात घरोघरी विषय असतो सोयाबीनचा, म्हणून मी तोच घेतो. "सोयाबीन पिवळं का पडायलंय" असं टाकलं की सगळं एकत्र येतं. पिवळं पडण्याची कारणं मात्र निराळी आहेत. लोहाची कमतरता असेल तर कोवळ्या पानांच्या शिरा हिरव्या राहतात आणि मधला भाग पिवळा होतो. पिवळा मोझॅक हा विषाणूचा रोग, तो पांढरी माशी पसरवते, आणि पानावर हिरवे-पिवळे वेडेवाकडे चट्टे पडतात. शेतातून दोन पानं आणायला सांगा, नीट बघायला लावा आणि मग दिसलं ते शब्दांत मांडून शोधायला लावा. "सोयाबीन पाने पिवळी शिरा हिरव्या" आणि "सोयाबीन पिवळे चट्टे पांढरी माशी" या दोन शोधांतून वेगवेगळी उत्तरं येतात. आधी डोळ्यांनी बघायचं, मग शब्द ठरवायचे, हा क्रम सोडू नका.

मराठीत शोधताना हे लक्षात ठेवा:

- नावं बदललेली आहेत. धाराशिवसोबत उस्मानाबाद आणि छत्रपती संभाजीनगरसोबत औरंगाबाद टाकून बघा. जिल्ह्यांची नावं २०२३ मध्ये बदलली, त्याआधीचे अहवाल जुन्या नावानेच सापडतात. अंबाजोगाईचा जुना उल्लेख मोमिनाबाद असा मिळतो.
- एकाच शब्दाची दोन रूपं चालतात: अजिंठा आणि अजंता, वेरूळ आणि एलोरा. ऱ्हस्व-दीर्घ बदलूनही एकदा शोधा.
- नेमकी शब्दरचना हवी असेल तर ती दुहेरी अवतरण चिन्हांत टाका.
- नको असलेल्या शब्दाआधी जागा न सोडता वजाचं चिन्ह द्या.
- फक्त सरकारी साइटवर शोधायचं तर इंग्रजी अक्षरांत "साइट", लगेच कोलन, आणि मध्ये जागा न सोडता "गव्ह डॉट इन" लिहा. त्यापुढे आपले शब्द.

सहावीला पहिल्या तीनच गोष्टी पुरतात. बाकीच्या आठवीसाठी ठेवा.

३. टिचकी मारण्याआधी निकालाचं पान वाचा

इथे घाई करू नका, एक पूर्ण तास द्या. निकालाचं पान पडद्यावर लावा आणि कुणालाही काहीही उघडू देऊ नका. प्रत्येक निकालाचं शीर्षक, पत्ता, तारीख आणि खालच्या दोन ओळी मोठ्याने वाचून घ्या. मग विचारा: यातलं विकणारं कोण, सांगणारं कोण?

"प्रायोजित" हा शब्द लेकरांना सहसा दिसतच नाही, कारण तो बारीक असतो. त्याचा अर्थ त्या जागेसाठी पैसे मोजलेले आहेत. सोयाबीनच्या शोधात औषधांच्या जाहिराती वर येतात तेव्हा एखादं लेकरू आपणहून म्हणतं, "सर, हे तर औषध विकायलेत!" मग वर्ग पुढचे निकाल त्याच नजरेने बघायला लागतो.

हल्ली सगळ्यात वर एआयने तयार केलेला सारांशही येतो. तो वाचायला हरकत नाही, पण वहीत उतरवायचा नाही. त्यात दिलेल्या दुव्यांवर जाऊन ते वाक्य तिथे खरंच आहे का ते बघायचं. कधी दुव्यावरच्या पानात वेगळंच काही लिहिलेलं सापडतं.

४. पत्ता वाचायला शिकवा

साइटचा पत्ता पहिल्या तिरप्या रेघेपर्यंत बघायचा आणि उजवीकडून डावीकडे वाचायचा. "महाडीबीटी डॉट महाराष्ट्र डॉट गव्ह डॉट इन" हा शिष्यवृत्तीचा खरा पत्ता. त्यातले सगळे शब्द घेऊन शेवटी "डॉट कॉम" लावलेला पत्ता दुसऱ्या कुणाचाही असू शकतो. हे फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहून दाखवा, बोलून कळत नाही.

"गव्ह डॉट इन" आणि "निक डॉट इन" हे सरकारी यंत्रणेलाच मिळतात, "एसी डॉट इन" शिक्षणसंस्थांना. "कॉम", "ऑर्ग" किंवा नुसतं "इन" कुणीही विकत घेऊ शकतो. "ऑर्ग" म्हणजे समाजसेवी आणि विश्वासू, हा गैरसमज शिक्षकांमध्येही खूप आहे.

आता सगळ्यात मोठा सापळा. "गव्ह असेल तर खरी, नसेल तर खोटी" असा सोपा नियम देऊन मोकळं व्हावंसं वाटतं. देऊ नका. महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद आठवीची एनएमएमएस ही शिष्यवृत्तीची परीक्षा घेते, तिची साइट "एमएससीई पुणे डॉट इन" आहे. दहावी-बारावीच्या मंडळाची साइटही नुसत्या "डॉट इन"वर आहे. राज्य कृषी पणन मंडळ बाजारभाव देतं ते "एमएसएएमबी डॉट कॉम"वर. या सगळ्या खऱ्या आहेत. उलट अस्सल सरकारी पानावर कित्येक वर्षांपूर्वीचा तक्ता तसाच पडून असतो. पत्त्यावरून अंदाज येतो, निकाल लागत नाही.

पत्त्याशेजारच्या कुलपाचंही तसंच. तुम्ही आणि साइट यांच्यामधली देवाणघेवाण तिसऱ्याला वाचता येत नाही, एवढंच ते सांगतं. साइट चालवणारा प्रामाणिक आहे की नाही, याच्याशी त्याचा संबंध नाही. लोक भलताच अर्थ काढतात म्हणून क्रोमने २०२३ मध्ये ते चिन्ह बदललं.

५. पान सोडा आणि त्याच्याबद्दल बाहेर विचारा

हा या सगळ्यातला मुख्य टप्पा. वेळ कमी असेल तर बाकीचं कापा, हा ठेवा.

आपल्याकडे "वेबसाइट कशी तपासावी" म्हणून लांबलचक याद्या फिरतात: मांडणी छान आहे का, संपर्काचा पत्ता आहे का, शुद्धलेखन नीट आहे का, "आमच्याविषयी" हे पान आहे का. खोटं पसरवणारा माणूस हे सगळं सहज करून ठेवतो. पान स्वतःबद्दल जे सांगतं, त्यावरून त्याची परीक्षा होत नाही.

अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅकग्रू यांनी २०१७ मध्ये हे पडताळून मांडलं. इतिहासाचे अभ्यासक, विद्यापीठाचे विद्यार्थी आणि बातम्यांची सत्यता तपासणारे व्यावसायिक, या तिघांसमोर त्यांनी अनोळखी साइट ठेवल्या. अभ्यासक आणि विद्यार्थी ते पान वरपासून खालपर्यंत वाचत बसले आणि चांगल्या दिसणाऱ्या बोधचिन्हाला किंवा भारदस्त नावाला अनेकदा फसले. तपासणाऱ्यांनी पान जवळजवळ लगेच सोडलं, नव्या टॅब उघडल्या आणि या संस्थेबद्दल इतर काय म्हणतात ते शोधलं. त्यांना कमी वेळात जास्त बरोबर उत्तरं मिळाली.

गावात सोयरीक जुळवताना आपण मुलाच्या घरच्यांनाच "तुम्ही कसे आहात" एवढं विचारून थांबत नाही, भावकीत आणि शेजारीपाजारी चौकशी करतो. लेकरांना हे उदाहरण चटकन कळतं.

वर्गात असं करा. समजा "यलो मोझॅकवर एकाच फवारणीत खात्रीशीर इलाज" असं सांगणारं पान समोर आलं. ते वाचत बसू नका. साइटचं नाव घ्या, नव्या टॅबमध्ये टाका, ती कुणाची आहे बघा. मग तोच प्रश्न परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाच्या नावासह शोधा. या रोगाचा सल्ला साधारण असा मिळतो: रोगट झाडं दिसली की उपटून नष्ट करा, पिवळे चिकट सापळे लावा, पांढऱ्या माशीचा बंदोबस्त करा. विषाणू लागलेलं झाड बरं करणारं औषध त्यात नसतं. मग लेकरांना विचारा: पहिल्या पानाने हे का सांगितलं नसेल? उत्तर त्यांच्याकडूनच येऊ द्या.

आठवीला आणखी एक पान दाखवण्यासारखं आहे. अमेरिकेच्या वायव्य भागात झाडावर राहणाऱ्या ऑक्टोपसची एक इंग्रजी साइट १९९८ पासून आहे. त्यात छायाचित्रं आहेत, प्राण्याच्या अधिवासाचं वर्णन आहे, त्याला वाचवण्याचं आवाहन आहे. असा प्राणीच नाही. भाषांतराची सोय वापरून ते पान मराठीत दाखवा, दहा मिनिटं वाचू द्या, मत विचारा. त्यानंतरच बाहेर शोधायला लावा.

विकिपीडियाबद्दल दोन टोकं टाळा. "कुणीही लिहितं, बघूच नका" हेही चूक आणि "विकिपीडियावर आहे म्हणजे झालं" हेही. लेखाखालचे संदर्भ उघडायचे आणि "इतिहास पहा" या टॅबवर शेवटचा बदल कधी झाला ते बघायचं. मराठीतला लेख त्रोटक असेल तर त्याच विषयाचा इंग्रजी लेख आणि मराठी विश्वकोशातली नोंद, दोन्ही शेजारी ठेवा. विश्वकोश ऑनलाइन फुकट वाचता येतो. त्याच्या नोंदी बऱ्याच जुन्या आहेत, पण लिहिणाऱ्याचं नाव नोंदीखाली असतं आणि ते लेकरांना दाखवण्याजोगं आहे.

६. व्हॉट्सॲपवर आलेला शासन निर्णय

सुट्टी, शिष्यवृत्ती, मोफत सायकल, लॅपटॉप. असे कागद गटांमध्ये सतत येतात आणि पालक ते घेऊन शाळेत विचारायला येतात. हे तपासणं अगदी सोपं आहे, म्हणून सातवीपासून शिकवा.

शासन निर्णयाच्या शेवटी, सहीच्या वर, एक ठरलेलं वाक्य असतं: हा निर्णय शासनाच्या संकेतस्थळावर उपलब्ध असून त्याचा संकेतांक अमुक आहे. तो एक लांब आकडा असतो आणि त्याची सुरुवात सालाने होते. "महाराष्ट्र डॉट गव्ह डॉट इन"वर शासन निर्णयांच्या विभागात तो टाकून शोधायचा. सापडला तर तिथली प्रत उघडून आलेल्या कागदाशी ओळ न् ओळ ताडायची, कारण खऱ्या निर्णयात एखादी ओळ बदलूनही पुढे पाठवता येते. संकेतांक नसेल, किंवा शोधून सापडत नसेल, तर केंद्रप्रमुखांना विचारेपर्यंत कागद पुढे पाठवायचा नाही. केंद्र सरकारच्या योजनांबद्दलचा संदेश असेल तर पीआयबीचा, म्हणजे केंद्राच्या पत्र सूचना कार्यालयाचा, फॅक्ट चेक विभाग बघा.

आणि हे लेकरांकडून घरी निरोप म्हणून जाऊ द्या: ज्या फॉर्ममध्ये आधार क्रमांक, बँक खातं किंवा ओटीपी मागितला आहे, तो फॉर्म लेकराने एकट्याने कधीच भरायचा नाही. पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर फोन करायचा.

७. फोटो आणि त्याची तारीख

फोटो खरा असतो आणि सोबतचा मजकूर खोटा, असं फार वेळा होतं. लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आलं ते एप्रिल २०१६ मध्ये. त्या पाण्याच्या गाडीचा फोटो कुणी कुठल्याही उन्हाळ्यात "आजचा" म्हणून पाठवू शकतं. गूगल लेन्समध्ये फोटो टाका आणि तो सगळ्यात आधी कधी छापला गेला ते शोधा. एवढं पुरे, यात फार वेळ घालवू नका.

८. चांगल्या ठिकाणीही आकडे जुळत नाहीत तेव्हा

खरं आणि खोटं एवढं कळलं की लेकरं खूश होतात, पण खरी कसोटी यापुढे आहे. त्यासाठी मी किल्लारीचा भूकंप घेतो. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. तारखेबद्दल सगळीकडे एकमत आहे. तीव्रता मात्र कुठे ६.२ आहे, कुठे ६.४. मृतांचा आकडा कुठे ७,९२८, कुठे ९,७४८, कुठे "सुमारे दहा हजार".

लेकरं लगेच विचारतात, "मग बरोबर कोणतं?" उत्तर देऊ नका. प्रत्येक आकड्यासमोर तीन गोष्टी लिहायला लावा: कुणी दिला, कधी दिला, कशाच्या आधारे. पहिल्या दिवसांतली बातमी, नंतरची सरकारी नोंद आणि परदेशी संस्थेची यादी एकसारखी नसते. भूकंप मोजण्याच्या पद्धतीही एकापेक्षा जास्त आहेत. वहीत शेवटी "अमुक नोंदीनुसार एवढे" असं लिहायचं. "नोंदीनुसार" हा शब्द राहिला तर वही परत द्या.

औसा, उमरगा, लोहारा भागातल्या शाळांनी हा विषय जपून घ्यावा. वर्गात अशी लेकरं असतात ज्यांच्या आजोळची माणसं त्या रात्री गेली. आधी घरी विचारून घ्या. एखाद्या आजोबांना बोलायचं असेल तर त्यांना शाळेत बोलवा. ते आपली गल्ली, आपलं घर, त्या पहाटेचा आवाज सांगतील. एकूण किती माणसं गेली हे त्यांना सांगता येणार नाही, आणि गल्लीत काय घडलं हे सरकारी आकड्याला सांगता येत नाही. दोन्ही साधनं आहेत, दोन्हींना विचारायचे प्रश्न निराळे आहेत. यानंतर पुनर्वसित गावांचा विषय आपोआप निघतो.

९. वहीत काय लिहून घ्यायचं आणि गुण कशाला द्यायचे

प्रत्येक शोधाला अर्धं पान. त्यात एवढंच:

- मी काय शोधलं, नेमक्या शब्दांत. शब्द बदलले असतील तर तेही.
- कोणती पानं उघडली, प्रत्येक कुणाचं आहे.
- पान सोडून बाहेर कुठे विचारलं आणि काय कळलं.
- मी काय घेतलं, काय सोडलं, का.

उत्तराला दोन गुण ठेवा, या नोंदीला आठ. गुण उत्तराला दिले की लेकरं परत उतरवून आणतात, हे ठरलेलं आहे. ज्याने एक पान उघडलं, तपासलं आणि कारण लिहून सोडून दिलं, त्याला त्या सोडलेल्या पानाचेही पूर्ण गुण द्या.

घरी मोबाईल नसलेल्या लेकराला हा गृहपाठ देऊ नका. त्याचा शोध शाळेतच, मधल्या सुट्टीनंतर, जोडीदारासोबत घ्या. जोडीत टाइप करणारा आणि नोंद करणारा दर वेळी बदला, नाहीतर मोबाईल एकाच्याच हातात राहतो, आणि बहुतेक वेळा तो मुलीच्या हातात नसतो.